नलिकारथ

४, गुरुवार

आजपासून दैनंदिनी. महत्कार्यास आरंभ होत आहे, आणि महत्कार्याचा इतिहास कर्त्याने स्वतःच लिहिलेला बरा. इतरांच्या हाती पडल्यास ते खरे लिहून बसतात.

पूर्वपीठिका अशी. गेल्या महिन्यात, शाळेकडे जाणारा रस्ता जिथे डावीकडे वळतो, तिथे आमची गाडी वळली नाही. ती पदपथ ओलांडून एका भिंतीला टेकली. ('आदळली' हे क्रियापद सौभाग्यवतींचे.) मागील आसनावर सरकार विराजमान होत्या. सरकार म्हणजे आमची पाच वर्षांची नात. आमची कन्या कामावर जाताना तिला आमच्या हवाली करते, आणि सरकारांना शाळेत पोहोचवणे हे माझ्या आयुष्यातील एकमेव कार्य होते, ज्यात कोणी माझ्या चुका काढत नसे. एरवी चुका काढणे हा माझाच व्यवसाय. एका छापखान्यात मी मुद्रितशोधक आहे.

कोणाला खरचटलेही नाही. एक दिवा फुटला, एवढेच. तरी सौभाग्यवतींनी किल्ली जप्त केली. हल्ली सरकार आजीबरोबर बसने जातात आणि मी निवृत्त राजदूतासारखा खिडकीतून हात हलवतो.

भिंत वाटेत का आली, यावर माझे निदान: ब्रेक. गॅरेजवाल्याचे निदान: ब्रेक ठणठणीत. तज्ज्ञांत मतभेद असणे हे शास्त्र जिवंत असल्याचे लक्षण होय.

आज सौभाग्यवतींचे कनिष्ठ बंधू चहाला आले. त्यांचे संगणकदुरुस्तीचे दुकान आहे.

"भाऊजी, हात एवढे शिवशिवतायत तर घरातच चालवा ना. लोक प्लॅस्टिकच्या पाइपचं कॉकपिट बनवतात, रेसिंगच्या खेळासाठी. स्टीअरिंग आणि पेडल माझ्याकडे धूळ खात पडलीयेत. गिऱ्हाईक परत न्यायला आलंच नाही."

"घरात अजून एक पसारा," सौभाग्यवती म्हणाल्या. मग कप खाली ठेवून, "बरं, बनवा. महिनाअखेरीस माझ्यासमोर बसून चालवून दाखवा. एकदाही रस्ता सोडला नाहीत, तर किल्ली तुमची आणि शाळाही तुमची."

"आणि सोडला तर?"

"तर त्या विषयावर परत तोंड उघडायचं नाही."

तह मान्य. मला बोलण्यावाचून ठेवणे ही शिक्षा किती कठोर आहे, हे त्यांना पुरते ठाऊक आहे.

६, शनिवार

नळसामानाच्या दुकानात गेलो.

"किती मजल्यांचं काम?" दुकानदाराने विचारले.

"मजले नाहीत. एक रथ आहे."

त्याने माझ्याकडे आपादमस्तक पाहिले. "रथाला पाऊण इंची लवेल. सव्वा इंची न्या. जोडायला एल्बो किती देऊ, टी किती?"

ज्या निर्विकारपणे तो हे बोलला, त्यावरून माझ्यापूर्वीही तेथे कोणी महारथी येऊन गेले असावेत. पाइपांचा भारा खांद्यावर घेऊन घरी परतलो. वाटेत दोघांनी पाणी कधी येणार म्हणून विचारले.

यंत्राचे नामकरण केले: नलिकारथ. सौभाग्यवतींनी केलेले नामकरण निराळे आहे, ते येथे देत नाही.

७, रविवार

प्रमाद घडला. तो नोंदवणे प्राप्त आहे.

छापखान्यातील कोऱ्या कागदावर मी रथाचा आराखडा काढला होता. मापे निर्दोष होती. त्याबरहुकूम मागच्या खोलीत बसून डाव्या बाजूचे सर्व पाइप करवतीने कापले, कडा पॉलिश पेपरने घासल्या, सांधे चिकटवायचे सोल्युशन लावले आणि एल्बोत ठोकून बसवले. त्यानंतर साक्षात्कार झाला की पाइपचे दोन्ही शेवट सांध्याच्या पोटात गडप होतात आणि तेवढी लांबी आराखड्यात धरावी लागते. मी डोळ्यांना दिसणारी लांबीच तेवढी मोजली होती. उजवी बाजू मग शहाणपणाने कापली. परिणामी रथ डावीकडे कलला आहे, ऐकू कमी येणाऱ्या माणसासारखा.

"भाऊजी, आधी सगळं कोरडं जोडून बघतात," मेहुणे कपाळाला हात लावून म्हणाले. "सोल्युशन शेवटी. आता हे जन्माचं झालं."

मुद्रितात चूक सापडली तर समासात खूण करता येते. नळकामाला समास नसतो.

सोल्युशनचा वास डोक्यात गेला आहे. गोड, तीव्र, जळल्यासारखा. डबा घट्ट बंद केला.

१२, शुक्रवार

रथ सिद्ध. जुन्या कार्यालयीन खुर्चीचे आसन, पुढे चक्र, पायांशी पेडल, समोर मेहुण्यांच्या दुकानातील पडदा. पाइपांच्या उघड्या तोंडांना पांढरी टोपणे बसवली. छापखान्यातून येताच आरूढ झालो.

पडद्यावरील रस्ता ओसाड आहे. दुतर्फा गवत, दूरवर एक पाण्याची टाकी, माणूस एकही नाही. चांगला वेग आला. मग एक चमत्कारिक गोष्ट. मी रस्त्यावर होतो. नंतर गवतात होतो. मध्ये काही नव्हते. दोन ओळींमधील एक ओळ खिळे जुळवणारा जुळारी गाळतो, आणि अर्थ लागत नाही म्हणून वाचक डोके खाजवतो, तसे. असे दोनदा झाले. रथ कललेला असल्याचा हा परिणाम, दुसरे काय.

१३, शनिवार

मेहुण्यांनी एक नवी सोय सुरू करून दिली. आपण मागचा फेरा जसा मारला, तसाच मारणारी एक पारदर्शक गाडी पडद्यावर आपल्याबरोबर धावते.

"ह्याला घोस्ट म्हणतात, भाऊजी. भूत. घाबरू नका, तुमचंच आहे."

"स्वतःचे भूत हयातीतच पाहण्याचा योग किती जणांना लाभतो!"

मेहुणे दुकानात गेल्यावर मी एकटाच चालवत होतो. भूत पुढे होते, काचेचे असावे तसे, आतून रस्ता दिसणारे. टाकीपाशी रस्ता वळतो. मी वळलो. ते वळले नाही. वेग कमी न करता, अजिबात न डगमगता, ते सरळ गवतात गेले आणि तेथे चाके फिरवत राहिले.

मागच्या फेऱ्यात ते वळण मी घेतल्याचे मला आठवत नव्हते. न घेतल्याचेही आठवत नव्हते. जो भाग मला ठाऊक नाही तो त्याने मला करून दाखवला, आणि इतक्या शांतपणे, की मला चीड आली. मी घसरलो असतो तर धडपडलो असतो, शिव्या दिल्या असत्या. ह्याने काहीच केले नाही. नुसते सरळ गेले.

आणखी एक. उतरताना पाहिले तर रथाची चार टोपणे काढून कोणी माझ्या मांडीवर ओळीने मांडून ठेवली होती. खोलीत मी एकटाच होतो. सौभाग्यवतींना विचारले.

"मला दुसरे उद्योग नाहीत का?" त्या म्हणाल्या.

त्यांना आहेत.

१६, मंगळवार

छापखान्यात आमच्या प्रमुख बाईंनी बोलावले. शांतपणे एक मुद्रित पुढे ठेवले. भूगोलाच्या पुस्तकातील पान. वरच्या भागात माझ्या खुणा यथास्थित, सुबक. मग पाच ओळी, चुकांनी बुजबुजलेल्या, एकही खूण नाही. मी वाचताना पेन्सिल ओळीखाली फिरवतो. त्या पाच ओळींवरून पेन्सिलीची रेघ तिरकी निघाली होती आणि कागदाच्या कडेबाहेर, खालच्या मेजावर, गेली होती.

"तुम्हाला झोप लागली होती का?" बाईंनी विचारले. त्या रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

"भूगोलात कोणालाही लागते," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. ती रेघ माझ्या ओळखीची वाटली. कोठे पाहिली होती ते संध्याकाळी कळले: टाकीपाशी, गवताकडे जाताना.

२०, शनिवार

वासाविषयी. दर वेळी गाडी गवतात जाण्याच्या आधी सोल्युशनचा वास येतो. पोटातून काही वर चढते, लिफ्ट एकाएकी खाली जावी तसे, आणि वाटते की हे सारे पूर्वी घडून गेले आहे, अगदी असेच, हीच दुपार, हाच पडद्यावरचा उजेड. डब्याचा दोष म्हणून बुधवारी डबा गच्चीवर नेऊन ठेवला. काल वास आला. आज डबा शेजाऱ्यांना देऊन टाकला. वास आला.

मेहुण्यांनी रथाची साद्यंत तपासणी केली. डाव्या पायांखाली फरशीचे तुकडे घालून त्याला पाणसळ लावून समतल केले, तारा बदलल्या, पेडलची स्प्रिंग बदलली. मग पडद्यावर कसल्याशा वेड्यावाकड्या रेषा काढून पाहत बसले.

"भाऊजी, ही रेष म्हणजे तुमचा हात. स्टीअरिंग कसं फिरलं ते. इथे बघा, सपाट झाली. हात हललाच नाही."

"यंत्र अडकले असेल."

"अडकलं असतं तर एकाच जागी अडकलं असतं. हे दर वेळी जागा बदलतंय. आणि ही खालची रेष तुमचा पाय. तो दाबलेलाच आहे."

"रथ डावीकडे कलला होता."

"मग गाडी डावीकडे गेली असती. ही सरळ जातेय."

ते माझ्याकडे नको इतका वेळ पाहत राहिले. मग स्वयंपाकघरात गेले आणि आपल्या ताईशी हलक्या आवाजात बराच वेळ बोलले. चहात साखर कमी पडली असावी.

२१, रविवार

सौभाग्यवती दुपारी मागच्या खोलीच्या दाराशी उभ्या होत्या. केव्हापासून ते ठाऊक नाही.

"काय खात होतात?"

"काही नाही."

"तोंड हलत होतं. चप् चप् आवाज येत होता."

"पडद्याचा असेल."

"पडदा बंद आहे," त्या म्हणाल्या.

तो बंद होता. मी बंद केल्याचे आठवत नाही. माझ्या तर्जनीभोवती तारांना गुंडाळायची काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, अत्यंत नीटनेटकी, पेराखाली दुमडून. मी इतके नीटनेटके काम करीत नाही. नलिकारथ साक्षीला आहे.

"अहो, एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ या का?"

"कोणाला?"

"कोणाला म्हणजे?"

मी विनोद केला नव्हता. खरोखरच मला क्षणभर समजले नाही.

२७, शनिवार

आज परीक्षा झाली.

सौभाग्यवती पाठीमागे स्टुलावर बसल्या, मेहुणे दाराला टेकून उभे राहिले. भूत बंद ठेवण्यास मी सांगितले होते. परीक्षेला मला त्याची सोबत नको होती. मी स्वच्छ चालवले. टाकीचे वळण घेतले, पुलाचे घेतले, पुन्हा टाकीचे. मध्यंतरी वास आला, पण मी चक्र घट्ट धरले. फेरे पूर्ण होताच विजयी मुद्रेने वळून पाहिले.

मेहुण्यांनी पडद्याकडे बोट केले. गाडी गवतात उभी होती.

सौभाग्यवती स्टुलावर नव्हत्या. रथाच्या शेजारी, गुडघ्यांवर बसल्या होत्या, आणि त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. तो तेथे केव्हा आला, हे मला कळले नव्हते.

"कुठे होतात?" त्यांनी विचारले.

"इथेच. रथात."

"मी हाका मारल्या. याने मारल्या. तुमचा खांदा हलवला. तुम्ही वळून माझ्याकडे बघितलंत."

"मग? काय म्हणालो?"

"काही नाही." त्यांनी डोळे पुसले, आणि रागावल्या, कारण मेहुण्यांसमोर रडणे त्यांना आवडत नाही. "मी कोण आहे ते तुम्हाला माहीतच नव्हतं. भाजी निवडावी तसं बघितलंत. आणि परत पडद्याकडे तोंड केलंत."

तीस वर्षांच्या संसारात मी अनेक प्रकारे पाहिले असेल, पण असे नाही. ते पाहणे माझे नव्हे. तर मग माझ्या डोळ्यांतून माझ्या पत्नीकडे पाहिले कोणी?

मी म्हणालो, रथ सदोष आहे. पाइपच्या खेळण्यावरून माणसाची परीक्षा घेता येत नाही. खऱ्या गाडीत मी कधी असा चुकत नाही. मेहुणे म्हणाले, "भाऊजी, भिंत?" मी उठून बाहेर गेलो.

गाडीची दुसरी किल्ली कपाटात, जुन्या कपड्यांच्या घडीत आहे. सौभाग्यवतींना तिचा विसर पडला आहे. ती आत्ता माझ्या खिशात आहे. सोमवारी सकाळी, त्या आंघोळीला गेल्या की, मी सरकारांना शाळेत घेऊन जाणार. सुखरूप पोहोचवून परत आलो की वाद संपेल.

२८, रविवार

कन्येला सुट्टीतही काम होते, म्हणून सरकार दिवसभर आमच्याकडे. सौभाग्यवती बाजारात गेल्याचे पाहून मी सरकारांना मागच्या खोलीत नेले आणि रथावर बसवले. पाय पेडलपर्यंत पोहोचत नाहीत. चक्र मात्र त्यांनी अधिकाराने फिरवले आणि तोंडाने इंजिनाचा आवाज काढला.

"सरकार, एक गुप्त वार्ता," मी म्हणालो. "उद्या आपण गाडीने शाळेत जायचं. आजीला सांगायचं नाही."

इंजिन थांबले. सरकार चक्राकडे पाहत राहिल्या.

"कोण चालवणार?"

"मीच. आजोबा."

"कुठले आजोबा?"

"तुला किती आजोबा आहेत?"

"तुम्ही, आणि ते दुसरे."

तिच्या वडिलांच्या वडिलांविषयी बोलत असावी असे मला वाटले. ते दूर राहतात. त्यांना गाडी चालवता येत नाही. तसे मी म्हणालो.

"ते आजोबा नाही हो!" माझ्या मंदबुद्धीची त्यांना कीव आली. "तुमचे दुसरे. ते बोलत नाहीत. ते समोर बघतात आणि तोंडाने असं करतात." आणि सरकारांनी ओठ चपचपवून दाखवले. तोच आवाज, जसा सौभाग्यवतींनी सांगितला होता. सरकारांना तो कोणी सांगितला नव्हता.

मी विचारले, ते कधी आले होते.

"भिंतीच्या दिवशी. आणि त्याच्या आधी पण. त्या दिवशी मागच्या गाड्या खूप हॉर्न वाजवत होत्या आणि ते जातच नव्हते."

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार? तुम्ही नव्हतात ना."

"आणि ते आले की तू काय करतेस, बाळा?"

"डोळे मिटून बसते," सरकार म्हणाल्या. "तुम्ही परत येईपर्यंत. भिंतीच्या दिवशी तुम्ही उशिरा आलात."

मग त्यांनी पुन्हा इंजिन सुरू केले.

२९, सोमवार

सरकार आजीबरोबर बसने गेल्या. मी खिडकीतून हात हलवला. त्यांनीही हलवला, आणि बस वळेपर्यंत माझ्याकडे निरखून पाहत होत्या. कोणता उभा आहे, याची खात्री करत असाव्यात.

सौभाग्यवती परत आल्यावर दुसरी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

"ही कुठून आली?"

"माझ्या खिशातून. आज गाडीने शाळेत न्यायचं होतं तिला. गुपचूप."

त्या किल्ली मुठीत धरून खुर्चीवर बसल्या.

मी स्पष्टीकरण दिले. माझ्या चालवण्यात तिळमात्र दोष नाही, हे माझे मत कायम आहे आणि ते इतिहासात नोंदवले जावे. परंतु माझ्या आसनावर मधूनमधून दुसरा कोणी येऊन बसतो. तो माझेच हात वापरतो, पाय दाबून धरतो, टोपणे मांडतो, मुद्रिते नासवतो, माझ्या बायकोला ओळखत नाही. त्याला वळणे ठाऊक नाहीत. मी त्याला कधी पाहिलेले नाही आणि पाहण्याची शक्यताही दिसत नाही, कारण तो येतो तेव्हा मी नसतो. माझ्यापुरते म्हणाल तर एकवेळ चालवून घेईन. पण मागच्या आसनावर एक पोर डोळे मिटून बसते. अशा माणसाच्या हाती मी गाडी देणार नाही. तो माझ्यासारखा दिसत असला तरी नाही.

मला वाटले त्या हसतील, किंवा घाबरतील. त्यांनी दोन्ही केले नाही. सांडशी पुढे करावी तसा हात पुढे करून माझे मनगट पकडले.

"मग त्याला दाखवू या का डॉक्टरांना?" त्यांनी सावकाश विचारले. "तुम्हाला नाही. त्याला."

"तो कबूल होईल?"

"तुम्ही सांगितलंत तर होईल."

प्रस्ताव मला न्याय्य वाटला. मेहुण्यांनी दुकानातून फोन करून मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मग मला फोन करून विचारून घेतले की तो किती वेळा येतो, किती वेळ थांबतो, येण्याआधी काही कळते का. वासाचे मी सांगितले. पलीकडे मेहुणे ते लिहून घेत होते.

तर उद्या सकाळी त्याला डॉक्टरांकडे नेणार. गाडी मेहुणे चालवतील. सौभाग्यवती त्याच्या शेजारी बसतील. ती जागा त्यांनी स्वतःहून मागितली. मलाही जावे लागेल. माझ्यावाचून तो घराबाहेर पडत नाही.